उपऱ्यांची जमीन

युरोप आणि उत्तर अमेरिकेत सध्या दोन गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. जुने मठ रिकामे होत आहेत. शेत, फळबाग, विहीर, प्रार्थनामंदिर आणि जिना चढताना धाप लागणाऱ्या चार-सहा वृद्ध संन्यासिनी एवढेच उरते, आणि एक दिवस धर्मसंघाला ती मालमत्ता विकायला काढावी लागते. त्याच वेळी, रविवारच्या तासाभराच्या उपासनेने ज्यांचे समाधान होत नाही अशी ख्रिस्ती कुटुंबे आणि एकटी माणसे एकत्र राहण्यासाठी जमीन शोधत आहेत. त्यांना जमीन कसायची आहे, ठरल्या वेळी प्रार्थनेला आणि मौनाला बसायचे आहे, एकमेकांच्या आजारपणात आणि म्हातारपणात उपयोगी पडायचे आहे, आणि ज्याला ‘आपले’ म्हणता येईल असे एक ठिकाण हवे आहे. एकाकडे जमीन आहे पण माणसे नाहीत, दुसऱ्याकडे माणसे आहेत पण जमीन नाही. तेव्हा चर्चने आपली जमीन बाजारभावाने विकण्याऐवजी अशा समूहांच्या हाती द्यावी, ही मागणी सरळ वाटते. माझेही मत तेच आहे. पण ती कोणत्या अटींवर द्यावी याबद्दल मी जे म्हणणार आहे ते या मागणीच्या बहुतेक समर्थकांना रुचणार नाही, कारण त्या अटी मान्य केल्या की जमिनीबद्दलचा निम्मा हळवेपणा गळून पडतो.

असे समूह आपली ओळख करून देतात तेव्हा एक क्रम हमखास दिसतो. आधी आपलेपणाची ओढ, मग समविचारी माणसे, मग शांततेसाठी जमीन, आणि नियम, हिशेब, करारपत्रे यांचा विचार सर्वांत शेवटी, तोही नाइलाजाने. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आपलेपणा ही सुरुवातीची ठेव नसून खूप उशिरा आणि तेही न मागता हाती येणारे फळ आहे. आधी माणूस कशाने तरी बांधला जावा लागतो: एका जागेशी, आपल्या आधीपासून तिथे असलेल्या शेजाऱ्यांशी, लेखी हिशेबाशी. ही बांधिलकी नसेल तर जमीन म्हणजे नाटकामागचा रंगवलेला पडदा ठरते, आणि ध्यान म्हणजे त्या पडद्यासमोर बसून घेतलेली विश्रांती.

ख्रिस्ती परंपरेला जमिनीबद्दल कधीच एकसुरी बोलता आलेले नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर स्पष्ट बजावतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे आणि तुम्ही त्याच्या आश्रयाला राहिलेले परदेशी आणि उपरे आहात. ज्यांना देश मिळाला त्यांनाच, तो मिळत असताना, उपरे म्हटले आहे. पुढे नाबोथाची गोष्ट येते. अहाब राजा त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. व्यवहार म्हणून त्यात खोट नाही. पण नाबोथाच्या लेखी ते वाडवडिलांचे वतन आहे, त्याला भाव नसतो. शेवटी राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार करवते. आणि मग नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांत, चित्र पालटते: पहिल्या मंडळीतले लोक जमिनी विकतात. बर्णबा आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवतो. ज्या उताऱ्याला सगळे ख्रिस्ती सामूहिक जीवनाचा पाया मानतात, त्यात जमिनीवर जाऊन वसण्याची गोष्ट नसून जमीन सोडण्याची गोष्ट आहे. इब्री लोकांस पत्र तर सांगते की इथे आपल्याला कायमचे नगर नाही, आणि डायोग्नेटसला लिहिलेल्या प्राचीन पत्रात म्हटले आहे की ख्रिस्ती माणसाला प्रत्येक परका देश मायदेश आहे आणि प्रत्येक मायदेश परका.

या वचनांचा मेळ घालायचा तर ‘मुळे रुजवणे’ ही लाडकी उपमा जपून वापरावी लागते. झाड रुजते तेव्हा त्याला जमिनीचा मालक कोण हे विचारायचे नसते. माणसाला विचारावे लागते. माझ्या समजुतीप्रमाणे बायबलचा आग्रह असा आहे की उपऱ्याने जमिनीशी बांधून घ्यावे, पण मालकासारखे नव्हे. बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्यांना यिर्मया संदेष्टा पत्र लिहितो तेव्हा नेमके हेच सांगतो: घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ते नगर शत्रूचे होते.

आता ध्यानाकडे वळू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या आणि ३९९ मध्ये वारलेल्या इवाग्रियस नावाच्या संन्याशाने ‘भर दुपारच्या सैताना’चे जे वर्णन केले आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. ग्रीकमध्ये त्याला अकेदिया म्हणतात. मराठीत उबग हा त्याच्या सर्वांत जवळचा शब्द असावा. इवाग्रियस सांगतो की सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा भासतो, संन्यासी सारखा खिडकीकडे पाहतो, खोलीबाहेर येऊन जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे हे उन्हावरून अजमावतो, कोणी बंधू भेटायला येतो का पाहतो. मग त्याला त्या जागेचा तिटकारा येतो. बंधूंमध्ये आता प्रेम उरलेले नाही असे वाटू लागते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी पोट भरणे सोपे जाईल, आणि देवाला काय, तो कुठेही प्रसन्न होतो, असेही पटायला लागते. गेल्या काही वर्षांत मोडलेल्या कोणत्याही समूहातल्या माणसांशी बोला; सोडून जाण्याची जी कारणे ते सांगतील ती जवळपास याच क्रमाने येतील, आणि त्यांतली काही खरीही असतील.

म्हणजे ध्यान हे जागेशी आणि माणसांशी जुळवून देणारे गोड साधन नाही. मौनात बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय दिसते, तर आपल्याला इथून निघून जायचे आहे. ते दिसावे आणि तरीही पाय जागचे हलू नयेत यासाठीच सहाव्या शतकात नर्सियाच्या बेनेडिक्टने आपल्या मठांसाठीच्या नियमावलीत स्थैर्याचे, म्हणजे जन्मभर एकाच मठात राहण्याचे, व्रत घातले. पहिल्याच अध्यायात तो मठामागून मठ पालथे घालणाऱ्या, प्रत्येक ठिकाणी तीन-चार दिवस पाहुणचार झोडणाऱ्या भटक्या संन्याशांबद्दल इतके कडवट बोलतो की त्यांच्याविषयी गप्प राहणेच बरे असे त्याला वाटते. आजच्या भाषेत हे लोक म्हणजे दर उन्हाळ्यात एका नव्या समूहाचा ‘अनुभव’ घेणारे. आणि मी स्वतः काही वर्षे त्यांच्यातलाच एक होतो, हे कबूल केलेले बरे.

अशाच एका उन्हाळ्यात मी एका छोट्या समूहात काही आठवडे राहिलो होतो. तिथे शेणखत वाहायची एकचाकी हातगाडी होती आणि तिच्या चाकातली हवा गेली होती. सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही सारे त्याच वाटेने शेताकडे जायचो, गाडीकडे पाहायचो आणि बादल्या उचलायचो. असे सहा दिवस चालले. आदल्या रात्रीच्या सामुदायिक प्रार्थनेत ‘मला इथे घर सापडले’ असे सांगताना ज्याचे डोळे भरून आले होते, त्यानेच ती गाडी पावसात दगडांवरून ओढली होती, हे बहुतेकांना ठाऊक होते. कोणी बोलले नाही, कारण बोलल्याने शांतता बिघडली असती. सातव्या दिवशी शेजारच्या शेतावरचा म्हातारा पंप घेऊन आला, पंक्चर काढले, आणि काही न बोलता परत गेला. तो चर्चला कधी जात नसे.

बेनेडिक्टची नियमावली अशा हातगाड्यांविषयी आश्चर्य वाटावे इतके बोलते. मठाची अवजारे कोणाकडे दिली आहेत याची यादी मठाधिपतीने ठेवावी, म्हणजे काय दिले आणि काय परत आले हे त्याला कळेल. कोठीप्रमुखाने मठातली सगळी भांडी आणि वस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारख्या मानाव्यात. स्वयंपाकाची पाळी आठवड्याची. पाळी संपताना त्या बंधूने हात-पाय पुसायचे पंचे धुवावेत, पाळी सोडणारा आणि घेणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवावेत, आणि भांडी स्वच्छ व धड कोठीप्रमुखाच्या स्वाधीन करावीत. पाय धुणे आणि भांड्यांची मोजदाद एकाच परिच्छेदात येतात, हे मला त्या ग्रंथाचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. तिथे प्रार्थना एका बाजूला आणि हिशेब दुसऱ्या बाजूला, असे दोन कप्पे नाहीत. ज्याला वेदीवरचे पात्र दिसते त्याला फावडेही दिसले पाहिजे, आणि फावडे दिसत नसेल तर वेदीवरचे पात्र खरेच दिसते का, असा प्रश्न विचारायला हरकत नाही.

उलट बाजूचे उदाहरण विसाव्या शतकातले आहे. १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मोरिन यांनी गरिबांना आश्रय देणारी कॅथलिक वर्कर चळवळ सुरू केली. मोरिनचे स्वप्न शहरातून जमिनीकडे जाण्याचे होते. विद्वानांनी कामकरी व्हावे आणि कामकऱ्यांनी विद्वान, असे तो म्हणत असे. १९३६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनजवळ शेत घेतले गेले. तिथे चर्चा उदंड झाल्या, श्रमाचे धर्मशास्त्र बारकाईने मांडले गेले, पण शेण कोणी काढायचे हे ठरले नाही, आणि दहा-बारा वर्षांत तो प्रयोग भांडणांत संपला. शहरातली त्यांची आश्रयघरे मात्र टिकली, कारण तिथे रोज दाराशी भुकेला माणूस उभा राहत असे आणि त्याला चर्चेवर ठेवता येत नसे. शेताला दारात येऊन उभे राहता येत नाही, म्हणून शेतावर नियम जास्त लागतो.

इथवरचे बोलणे समूहाच्या आतले झाले. खरा अवघड भाग कुंपणाबाहेर सुरू होतो. एकांत हवा म्हणून माणसे जमिनीकडे जातात. पण ओसाड जमीन फार थोडी असते, ओसाड मानलेली जमीन पुष्कळ. १०९८ मध्ये सीतो येथे सुरू झालेल्या सिस्टर्शियन संघाने वस्तीपासून दूर राहण्याचा नियम केला, आणि बाराव्या शतकात त्यांची भरभराट झाली तेव्हा काही ठिकाणी हा दूरपणा मिळवण्यासाठी गावेच उठवली गेली. त्या काळी इंग्लंडमध्ये यावर उघड टीकाही झाली. ध्यानासाठी लागणारी शांतता दुसऱ्याचे घर मोडून मिळवलेली असू शकते, ही गोष्ट आजच्या सुंदर माळरानावरही लागू पडते. १४५२, १४५५ आणि १४९३ च्या पोपच्या आज्ञापत्रांचा आधार घेऊन युरोपीय राजांनी दुसऱ्यांच्या भूमीवर हक्क सांगितला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘शोधाच्या सिद्धांता’चा व्हॅटिकनने जाहीर त्याग केला तो ३० मार्च २०२३ रोजी. पाच शतकांहून अधिक काळ लागला. त्यागाच्या निवेदनाने एक एकरही कोणाला परत मिळाला नाही, हे इथे नोंदवले पाहिजे.

म्हणून मला अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातले कोइनोनिया शेत विचार करायला लावते. १९४२ मध्ये क्लॅरेन्स जॉर्डन, त्यांची पत्नी फ्लॉरेन्स आणि इंग्लंड आडनावाचे एक मिशनरी दांपत्य यांनी अमेरिकस गावाजवळ ४४० एकर झिजलेली जमीन घेतली. जॉर्डन शेतीशास्त्र शिकलेले आणि ग्रीक नव्या कराराचे अभ्यासक. काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकत्र काम करायचे, सारखी मजुरी घ्यायची आणि एका टेबलाशी जेवायचे, एवढेच त्यांनी केले. १९५० मध्ये जवळच्या बाप्टिस्ट मंडळीने त्यांना सभासदत्वातून काढले. १९५६ पासून त्यांच्यावर बहिष्कार पडला. बियाणे, खत, इंधन, विमा काही मिळेना. रस्त्याकडेचे त्यांचे विक्रीचे दुकान सुरुंगाने उडवले गेले, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांनी टपालाने पेकन नावाचा सुकामेवा विकायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकांना आवाहन केले की जॉर्जियातले ‘नट्स’ बाहेर धाडायला आम्हाला मदत करा. नट म्हणजे सुकामेवाही आणि डोके फिरलेला माणूसही. इतक्या भीतीत विनोद सुचतो तो बहुधा दिवसाकाठी थोडा वेळ गप्प बसणाऱ्यांनाच.

कोइनोनिया त्या जमिनीचे झाले ते तिच्या शांततेमुळे नव्हे, तर शेजारात जो अन्याय चालू होता त्याच्या आड उभे राहिल्यामुळे. तरीही गोष्ट तिथे पूर्ण होत नाही, कारण त्या ४४० एकरांवरून त्याआधी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या मूळच्या मस्कोगी लोकांना हुसकावले गेले होते. सगळ्यांत चांगल्या ख्रिस्ती समूहाच्या पायाखालीही कोणाचा तरी नाबोथ असतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अल्जीरियातल्या तिबहिरीनचा ट्रॅपिस्ट, म्हणजे कडक मौन पाळणाऱ्या कॅथलिक संन्याशांचा, मठ आहे. तिथल्या संन्याशांनी आपल्या मूळच्या मोठ्या जमिनीतला थोडाच भाग ठेवला होता आणि तो मुसलमान गावकऱ्यांबरोबर भागीत कसत होते. त्यांच्यातला एक डॉक्टर होता, त्याच्याकडे रोज रांग लागे. यादवी पेटली तेव्हा जावे की राहावे यावर त्यांनी अनेकदा मते घेतली, आणि राहिले. मार्च १९९६ मध्ये सात जणांना पळवून नेण्यात आले आणि मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची बातमी आली. स्थैर्याचे व्रत त्यांनी मठाच्या भिंतींना उद्देशून घेतले होते. प्रत्यक्षात ते गावकऱ्यांना दिलेला शब्द ठरले. त्यांना हुतात्मा म्हणताना आपण हे विसरतो की ते आधी चांगले भागीदार होते, आणि भागीचा हिशेब दर हंगामाला होत असे.

मालकीचा प्रश्न सोडवायचा एक मार्ग ज्या दिशेने आला तो मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. १९५१ मध्ये पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकर दान मिळाले आणि भूदान सुरू झाले. पण एकेकट्याला दिलेली जमीन कर्जापायी किंवा दडपणाखाली पुन्हा हातची जाते असे दिसले, तेव्हा विचार ग्रामदानाकडे वळला: मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा, बाहेरच्याला विक्री नाही. लेवीय पुस्तकातल्या योबेल वर्षामागचा, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी या नियमामागचा, हेतू याहून फार वेगळा नाही. ही कल्पना ज्यांनी अमेरिकेत नेली त्यांत रॉबर्ट स्वान होते. त्यांच्यासह काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी झगडणारे स्लेटर किंग आणि पाळक चार्ल्स शेरॉड यांनी १९६९ मध्ये जॉर्जियातच, कोइनोनियापासून फार दूर नव्हे, न्यू कम्युनिटीज नावाचा न्यास स्थापला आणि सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. अमेरिकेतल्या सामुदायिक भूमी-न्यासांची सुरुवात ती मानली जाते. अशा न्यासात जमीन न्यासाची राहते, राहणाऱ्याला बहुधा ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो, घर विकता येते पण जमिनीच्या वाढलेल्या भावावर कमाई करता येत नाही. सलग दुष्काळ आणि सरकारी शेतीकर्जातली वर्णभेदी टाळाटाळ यांनी १९८५ मध्ये त्यांची जमीन जप्त झाली. २००९ मध्ये भरपाई मिळाली आणि २०११ मध्ये त्याच संस्थेने त्याच भागात एका जुन्या गुलाममालकाचा सोळाशे एकरांहून मोठा मळा विकत घेतला.

चर्चच्या जमिनीबाबत माझी पहिली अट यातूनच निघते. समूहाला जमीन द्यावी, मालकी देऊ नये. मालकी न्यासाकडे असावी आणि त्याच्या विश्वस्तांत समूहाबाहेरची माणसे असावीत, म्हणजे शेजारी, जवळच्या गावातले लोक, आणि ज्यांच्याकडून ती जमीन कधीकाळी घेतली गेली त्यांचे वंशज हयात असतील तर तेही. आक्षेप येतो की बाहेरच्यांना आमचे आध्यात्मिक जीवन काय कळणार. नाही कळणार. त्यांना नाला कुठून वाहतो ते कळेल, आणि हातगाडी पंक्चर आहे हे दिसेल.

बाहेरच्या डोळ्यांची गरज याहून गंभीर कारणासाठीही आहे, आणि ते टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिक होईल. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात जाँ व्हानिए यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन पुरुषांबरोबर राहायला सुरुवात केली आणि त्यातून लार्शची घरे जगभर पसरली. आपलेपणावर विसाव्या शतकात त्यांच्याइतके ऐकले गेलेले ख्रिस्ती लेखक थोडे असतील. २०१९ मध्ये ते वारले. २०२० च्या फेब्रुवारीत लार्शनेच नेमलेल्या चौकशीतून बाहेर आले की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या सविस्तर अहवालात अशा स्त्रियांची संख्या किमान २५ नोंदवली आहे. प्रार्थनेतली जवळीक, गुपित, ‘देवाची खास इच्छा’ ही भाषा, हीच इथे शोषणाची हत्यारे होती. ध्यान म्हणजे आपोआप निर्मळपणा, हा समज त्या अहवालानंतर कोणी बाळगू नये. लार्शमधली हजारो माणसांची रोजची सेवा त्यामुळे खोटी ठरत नाही, आणि संस्थेने स्वतः सत्य शोधले हे तिचे मोल आहे. पण जो माणूस दुसऱ्यांचे मौन ऐकतो त्याच्या हाती जमीन, तिजोरी आणि दाराची किल्ली एकाच वेळी असता कामा नये, आणि त्याच्याविरुद्धची तक्रार समूहाबाहेर करता आली पाहिजे. बेनेडिक्टच्या नियमावलीत महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्या मठाला बोलावून विचारायला सांगितले आहे, कारण प्रभू पुष्कळदा धाकट्याला अधिक चांगले सुचवतो. पण अखेरचा निर्णय तिथेही मठाधिपतीचाच आहे, आणि या एका बाबतीत मी त्या नियमावलीच्या विरोधात आहे.

सोडून जाण्याचा हक्क हीही अशीच बाब. प्रेषितांच्या कृत्यांतले हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे जमीन विकून पैशाचा काही भाग लपवते, सगळा दिल्याचे भासवते आणि जागीच मरून पडते; ही गोष्ट समूहाचे नेते धाक म्हणून सांगतात, पण त्यातले प्रेषित पेत्राचे शब्द नीट वाचावेत. विकली नव्हती तोवर जमीन तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच ताब्यात नव्हता का, असे तो विचारतो. न देण्याची मोकळीक होती. दोष दिल्याचे सोंग करण्याचा होता. बेनेडिक्टने यावर केलेली तजवीज मला फार हृद्य वाटते. नवा माणूस व्रत घेतो तेव्हा त्याचे अंगावरचे कपडे उतरवून मठाचे कपडे दिले जातात, आणि ते जुने कपडे वस्त्रागारात जपून ठेवले जातात, म्हणजे देव न करो पण पुढेमागे तो निघून जाऊ लागला तर त्याला ते घालून जाता येईल. जन्मभराचे व्रत आणि शेजारच्या खोलीत घडी करून ठेवलेला परतीचा सदरा. आजच्या समूहांनी कपड्यांच्या जागी वीस वर्षांच्या श्रमांचा मोबदला आणि म्हातारपणाची सोय धरावी. ती नसेल तर राहणारा माणूस श्रद्धेने राहिला आहे की जायला पैसे नाहीत म्हणून, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

शहरातल्या लोकांनी काय करावे, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. त्याचे उत्तर लहान आहे. जमीन म्हणजे शेत असेच नाही. एकाच गल्लीत पंधरा वर्षे घर न बदलता राहणे हेही स्थैर्यच आहे आणि ते शेतीहून सोपे नाही. हे सगळे जगापासून पळणे आहे, या जुन्या आरोपाला कोइनोनियाच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा पुरेशा आहेत. मात्र ज्यांच्याकडे आधीच पैसा आणि शिक्षण आहे त्यांचाच हा छंद होतो, हा आरोप मला खरा वाटतो, आणि न्यासाची अट त्याला अर्धेच उत्तर देते. ज्याला शेतमजुरी सोडून यायचे आहे आणि ज्याला बँकेतली नोकरी सोडून यायचे आहे, त्या दोघांचा त्याग कागदावर सारखा दिसतो पण तसा नसतो.

राहता राहिल्या त्या वृद्ध संन्यासिनी. त्यांच्या संघाला जमीन फुकट देता येत नाही, कारण त्यांच्या औषधपाण्याचा आणि शुश्रूषेचा खर्च बहुधा त्या विक्रीतूनच भागायचा असतो. बाजारभाव आणि न्यासाला झेपणारी किंमत यांतला फरक धर्मप्रांताने, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या चर्चने, भरून काढला पाहिजे, आणि धर्मप्रांत इतर इमारतींवर करतो त्या खर्चाशी तुलना करता ही मागणी अवाजवी नाही. पण पैशाआधी आणखी एक व्यवस्था करता येईल. नियमावलीत नवा माणूस आला की त्याला चार-पाच दिवस दाराशीच थांबवायला सांगितले आहे. मग दोन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि पुन्हा चार महिन्यांनी त्याला सगळा नियम वाचून दाखवायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचे की राहतोस का. बेरीज एक वर्ष होते. जमीन मागायला आलेल्या समूहानेही करारावर सही होण्याआधी हे एक वर्ष त्या मठातच, संन्यासिनींच्या हाताखाली काढावे. कोणत्या वाफ्यात पाणी साचते, कोणत्या शेजाऱ्याशी बांधावरून जुना वाद आहे, दफनभूमीतले गवत कोण काढते, हे त्यांच्याकडून शिकून घ्यावे. पहाटेच्या प्रार्थनेला त्या थकलेल्या आवाजांमागून गावे. बारा महिने संपल्यावर समूहाला काय वाटते हे विचारूच नये. त्या चार-सहा जणींना विचारावे.